फेडोरा ते आरएचईएल: आपल्या सर्व्हरवरचं लिनक्स येतं कुठून? (सांगली-मिरज-साताऱ्यातल्या मंडळींसाठी)

हरिपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पतसंस्था, दवाखाने, गोदामं, साखर कारखाने यांचे सर्व्हर सांभाळणारे आपल्या भागातले बरेच जण इथे वाचतात, म्हणून हा धागा काढतोय. आरएचईएल म्हणजे रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, रेड हॅट कंपनीचं सर्व्हरसाठीचं सशुल्क लिनक्स; सेंटओएस ही त्याचीच फुकट प्रत. त्यातल्या सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. तरी ते चालवणारी यंत्रं अजून माझ्या पाहण्यात आहेत. बदलायचं म्हटलं की लगेच अल्मा, रॉकी (दोन्ही आरएचईएलवरच बेतलेली), उबुंटू अशी नावं पुढे येतात आणि चर्चा तिथेच अडकते. ही सगळी कुठून येतात, कोण ठरवतं, त्यात आपला शब्द कुठे चालतो, यावर मराठीत फारसं बोललं जात नाही. "फेडोरा घरच्या लॅपटॉपला, सर्व्हरशी त्याचा काय संबंध?" असं इंजिनिअरिंगची पोरं अगदी सहज विचारतात. फेडोरा हे रेड हॅटच्या पाठबळावर स्वयंसेवक घडवतात ते फुकट लिनक्स, आणि संबंध फार जवळचा आहे.

सगळ्यात वर मूळ प्रकल्प: कर्नल (लिनक्सचा गाभा), ग्लिबसी (बहुतेक प्रोग्रामांना लागणारी पायाभूत लायब्ररी), सिस्टमडी (यंत्र सुरू होताना सेवा चालू करणारं), ओपनएसएसएच (दुरून लॉगिन करण्यासाठीचं) वगैरे. त्यांची नवी आवृत्ती आली की आधी फेडोराच्या रॉहाइडमध्ये जाते. रॉहाइड ही रोज बदलणारी शाखा. तिच्यातून साधारण दर सहा महिन्यांनी एक क्रमांकाची फेडोरा निघते आणि तिला जेमतेम १३ महिने अपडेट मिळतात. अलीकडे दर तीन वर्षांनी रेड हॅट त्यातली एक फेडोरा धरते, तिच्यावरून सेंटओएस स्ट्रीमची नवी शाखा काढते, आणि त्या शाखेतून आरएचईएल तयार होतं. फेडोरा १९ वरून आरएचईएल ७ आलं (२०१४), २८ वरून ८ (२०१९), ३४ वरून ९ (२०२२) आणि ४० वरून १० (मे २०२५). स्ट्रीमचा टप्पा ८ च्या काळात, सप्टेंबर २०१९ मध्ये आला. त्याआधी हे मधलं काम रेड हॅटच्या आत, बाहेरच्यांना न दिसता चालायचं.

फेडोरात वीस हजारांहून जास्त सोर्स पॅकेजं आहेत. त्यातली थोडीच आरएचईएलमध्ये जातात, कारण जे आत घेतलं त्याची जबाबदारी दहा वर्षं निभवावी लागते. उरलेल्यांतली बरीच एपेल या जादा पॅकेजांच्या भांडारातून मिळतात आणि एपेल फेडोराचेच लोक सांभाळतात. तुमच्याकडे फेल२बॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्याला अडवणारं) असेल तर ते बहुधा तिथूनच आलंय.

फेडोरात आलेलं सगळंच खाली येतं असंही नाही. सिस्टमडी फेडोरा १५ मध्ये आलं, २०११ साली, तेव्हा केवढे वाद झाले. तीन वर्षांनी ते आरएचईएल ७ मध्ये आपल्या पुढ्यात होतं. पडद्यावर चित्र दाखवणारं वेलँड फेडोरा २५ मध्ये मूळ (डिफॉल्ट) झालं, पुढे आरएचईएल ८ मध्ये, आणि १० मधून तर त्याच कामाचा जुना एक्सऑर्ग सर्व्हर काढूनच टाकला. याउलट बीटीआरएफएस: फेडोरा ३३ पासून डेस्कटॉपला ती मूळ फाइलसिस्टम आहे, पण आरएचईएल ८ ने ती आधीच काढून टाकली होती आणि आजही तिथे एक्सएफएसच आहे.

माझं म्हणणं एवढंच: पुढच्या आरएचईएलमध्ये काय असणार याचे निर्णय आधी फेडोरात आणि मग स्ट्रीममध्ये, उघड्यावर होतात. आपण मात्र तयार सीडी हातात आल्यावर जागे होतो. ऑफिसातलं एक तरी यंत्र आपण त्या वरच्या टप्प्यावर ठेवायला हवं. अनुभव लिहा, शंका विचारा.

मिरजमार्ग

हरिपूरकरदादा, माहिती एकदम मुद्द्याची. पण स्ट्रीम म्हणजे आरएचईएलचं बीटाच ना? आमच्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरवाल्यानं स्पष्ट सांगितलंय, स्ट्रीमवर असेल तर सपोर्ट देणार नाही.

हरिपूरकर

बीटा म्हणणं मला पटत नाही. समजा आज आरएचईएल ९ ची एखादी पॉइंट आवृत्ती (९.४, ९.५ अशी) बाजारात आहे. तर स्ट्रीम ९ मध्ये तिच्या पुढच्या पॉइंट आवृत्तीचं सामान जमत असतं. पॅकेज तिथे पडायच्या आधी चाचण्यांतून जातं, चाचणी नापास झालं तर अडतं. पहिल्या आकड्याच्या आत एबीआय (आधी बांधलेले प्रोग्राम न बदलता चालावेत यासाठीची जुळणी) सांभाळण्याचे आरएचईएलचे नियम तिथेही लागू असतात. मेटासारखी कंपनी आपले सर्व्हर स्ट्रीमवर चालवते. ते लोक सेंटओएसच्या हायपरस्केल गटात काम करतात आणि त्यांचे पॅच सगळ्यांना दिसतात.

तुमचा सॉफ्टवेअरवाला मात्र त्याच्या जागी बरोबर आहे. त्यानं एका ठरावीक पॉइंट आवृत्तीवर तपासणी केलेली असते आणि स्ट्रीमला पॉइंट आवृत्तीच नसते. मुदतही कमी, साधारण पाच वर्षं. स्ट्रीम ८ हे ३१ मे २०२४ ला संपलं, आरएचईएल ८ मात्र २०२९ पर्यंत आहे. आणखी एक: त्रुटी जाहीर होईपर्यंत गुप्त ठेवायची असेल तर तिची दुरुस्ती कधी कधी आधी आरएचईएलमध्ये येते, स्ट्रीममध्ये नंतर. म्हणून रुग्णांचा डेटा असलेल्या यंत्रावर आरएचईएल, अल्मा किंवा रॉकी ठेवा आणि शेजारी एका व्हर्च्युअल मशीनवर स्ट्रीम. तेच सॉफ्टवेअर तिथे चढवून बघितलं की पुढची पॉइंट आवृत्ती येण्याआधीच काय मोडणार ते कळतं.

बेणेमळा

मी वाळव्याकडचा, शेती आणि ऊसतोड-वाहतुकीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर असं दोन्ही करतो. मला हे वाचून पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आठवलं. संशोधन केंद्रात वाण निघतं, मग ते बेणेमळ्यात वाढवतात आणि तिथून रानात. को ८६०३२ हे वाण आपल्याकडे असंच आलं. फेडोरा म्हणजे केंद्राचं रान, स्ट्रीम म्हणजे बेणेमळा. बरोबर का?

हरिपूरकर

क्रम बरोबर आहे. फरक इतकाच की इथे रानातल्या माणसाला थेट केंद्रात जाऊन दुरुस्ती करता येते. स्ट्रीमचा सोर्स गिटलॅबवर उघडा आहे, मर्ज रिक्वेस्ट (बदल आत घ्यायची विनंती) कुणीही पाठवू शकतो. घ्यायची की नाही हे रेड हॅटचा मेंटेनर ठरवतो.

वखारभाग

दादा, गोडी-गोडीनं चाललंय म्हणून एक कडू गोष्ट लिहितो. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की सेंटओएस लिनक्स ८ हे २०२१ अखेर बंद. मूळ मुदत २०२९ होती. जगभर ज्यांनी त्या तारखेवर भरवसा ठेवून यंत्रं उभी केली त्यांना वर्षभराची नोटीस. मग जून २०२३ मध्ये आरएचईएलचा सोर्स लोकांसाठी फक्त स्ट्रीममधूनच मिळेल असं ठरवलं. स्वयंसेवकांनी रात्री जागून फेडोरा घडवायची आणि वरचा माल कुलपात. त्यात आपल्या पोरांना 'बग कळवा' म्हणून सांगायचं, हे मला न्याय्य वाटत नाही.

हरिपूरकर

राग समजतो आणि पहिल्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूनं आहे. दिलेली तारीख मधेच बदलायला नको होती. पण 'वरचा माल कुलपात' हे पूर्ण खरं नाही. फेडोरातलं काम फेडोरातच राहतं, आणि ग्लिबसीत किंवा कर्नलमध्ये केलेली दुरुस्ती डेबियन या दुसऱ्या लिनक्सलाही मिळते, सुसेलाही.

शिवाय २०२३ नंतर काय झालं ते बघा. अल्मानं आरएचईएलची तंतोतंत नक्कल सोडली आणि एबीआय सुसंगत राहायचं ठरवलं. त्यामुळे त्यांना स्वतःच्या दुरुस्त्या करायची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी जुलैत त्यांनी आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) मधल्या एका सुरक्षा-त्रुटीचा पॅच स्ट्रीमला पाठवला. सुरुवातीला उत्तर आलं की ही दुरुस्ती घ्यायचा विचार नाही. लोकांनी तिथेच उघडपणे आक्षेप घेतला आणि पॅच आत गेला. हे सगळं कुणालाही वाचता येईल असं पडलेलं आहे. २०१५ मध्ये असा वाद झाला असता तर तो रेड हॅटच्या भिंतीआड मिटला असता.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून. लोकांनी 'नाही' म्हटल्याचं एक उदाहरण माझ्याकडूनही, कारण ते आमच्या एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांच्या थेट खिशाशी येतं.

२०१९ च्या जुलैत फेडोरात एक प्रस्ताव आला: यापुढे एव्हीएक्स२ (नव्या प्रोसेसरांतल्या जलद सूचना) नसलेल्या प्रोसेसरवर फेडोरा चालणार नाही. मेलिंग लिस्टवर जोरदार विरोध झाला आणि फेस्को या फेडोराच्या निवडून आलेल्या तांत्रिक समितीनं तो फेटाळला. रेड हॅटची गरज मात्र संपली नव्हती. पुढच्या आरएचईएलला नव्या प्रोसेसरचा फायदा घ्यायचाच होता. त्यातून २०२० मध्ये फेडोरा ईएलएन निघालं. रॉहाइडचीच पॅकेजं, पण आरएचईएलला लागतील त्या कंपायलर खुणा लावून पुन्हा बांधलेली. घरच्या वापरकर्त्याचा जुना लॅपटॉप बंद पडला नाही आणि पुढच्या आरएचईएलची पूर्वतयारीही उघड्यावर सुरू झाली. या तोडग्याबद्दल मला खरंच आदर वाटतो.

त्याचं फळ आज दिसतंय. आरएचईएल ९ ला एक्स८६-६४-व्ही२ ही प्रोसेसरची पातळी पुरते, १० ला व्ही३ लागते, म्हणजे इंटेलमध्ये ढोबळमानानं २०१३ च्या हॅसवेलपासून पुढचं. आमच्याकडे सेकंडहँड घेतलेले झिऑन ई५ व्ही२ चे सर्व्हर भरपूर आहेत. नावात व्ही२ आहे म्हणून गोंधळू नका, तो इंटेलचा वेगळा क्रम. त्यात एव्हीएक्स२ नाही, त्यामुळे आरएचईएल १० चढणार नाही. अल्मा १० नं व्ही२ साठी वेगळी बांधणी दिली आहे, ती चालते. पण विक्रेत्याचं बंद सॉफ्टवेअर तिच्यावर चालेलच असं धरू नका. त्याला विचारून घ्या.

कृष्णाकाठ

सांगलीतल्या पतसंस्थांची कामं करतो. माझा विषय पोस्टग्रेस हा डेटाबेस. हा भाग नीट वाचा ही सगळ्यांना विनंती, कारण यात डेटा जाऊ शकतो आणि कुठेही लाल अक्षरं दिसत नाहीत.

पोस्टग्रेस मजकुराचा क्रम लावायला साधारणपणे ग्लिबसीची क्रमवारी वापरतं. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसी २.२८ आली आणि तिच्यात ही क्रमवारी मोठ्या प्रमाणावर बदलली. आरएचईएल ७ मध्ये ग्लिबसी २.१७ होती, ८ मध्ये २.२८. आता ७ वरची डेटा डिरेक्टरी तशीच उचलून ८ किंवा ९ वर ठेवली तर नावांवरचा इंडेक्स (शोधासाठीची सूची) जुन्या क्रमानं लावलेला राहतो आणि शोध नव्या क्रमानं होतो. खातेदार टेबलात असतो पण शोधात सापडत नाही. युनिक इंडेक्स असेल तर तेच नाव दुसऱ्यांदाही घुसू शकतं. महिनाभरानं लक्षात आलं तर निस्तरता निस्तरता जीव जातो.

उपाय साधा आहे. डंप घेऊन नव्या यंत्रावर रिस्टोअर करा, किंवा डिरेक्टरीच हलवली असेल तर व्यवहार सुरू करण्याआधी मजकुरावरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा. स्ट्रीमिंग रेप्लिका (डेटाची सतत जुळत राहणारी दुसरी प्रत) ठेवत असाल तर दोन्ही यंत्रांवर ग्लिबसी सारखी असलेली बघा. सेंटओएस ७ वरून आत्ता उडी मारणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे.

धाग्याशी संबंध असा की ग्लिबसी २.२८ फेडोरा २९ मध्ये ऑक्टोबर २०१८ लाच आली होती आणि आरएचईएल ८ त्यानंतर सहा-सात महिन्यांनी. ज्यानं तेव्हा आपल्या डेटाची प्रत फेडोरावर चढवून पाहिली, त्याला तयारीला अर्धं वर्ष मिळालं.

विश्रामबाग_ताई

कृष्णाकाठ, हे प्रिंट काढून भिंतीवर लावते.

माझा प्रश्न ऑडिटचा. आमच्या संस्थेच्या तपासणीत स्कॅनर दरवेळी दाखवतो की ओपनएसएसएच जुनं आहे, ताबडतोब बदला. आरएचईएल ९ वर ८.७ दिसतं, मूळ प्रकल्प त्याच्या कितीतरी पुढे गेलाय. व्यवस्थापक घाबरतात. जुनं आहे हे खरं ना?

हरिपूरकर

ताई, आकडा जुना आहे, आतला कोड तेवढा जुना नाही. एंटरप्राइझ लिनक्सचं निम्मं काम हेच असतं. आवृत्ती गोठवायची आणि नव्या आवृत्तीतल्या सुरक्षा-दुरुस्त्या उचलून जुन्या कोडमध्ये बसवायच्या. त्याला बॅकपोर्ट म्हणतात. आरएचईएल ८ च्या कर्नलचा आकडा शेवटपर्यंत ४.१८ राहतो, ९ चा ५.१४, १० चा ६.१२. आत हजारो पॅच बसलेले असतात.

जुलै २०२४ मधली रिग्रेशन नावाची त्रुटी घ्या, तिचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. ओपनएसएसएचमध्ये २००६ साली दुरुस्त झालेली चूक ८.५ मध्ये नकळत परत आली होती. आरएचईएल ९ मध्ये ८.७ असल्यानं ते बाधित होतं. दुरुस्ती आली, आकडा ८.७ च राहिला, शेवटचा रिलीज क्रमांक तेवढा पुढे सरकला. आरएचईएल ८ मध्ये ८.० आणि ७ मध्ये ७.४ होतं, दोन्ही बाधित नव्हती. नुसता आकडा बघणारा स्कॅनर नेमकं उलटं सांगेल.

ऑडिटरला दाखवायला पॅकेजचा चेंजलॉग काढा, त्यात त्या सीव्हीईचा क्रमांक शोधा आणि सोबत विक्रेत्याची सूचना जोडा. तेवढ्यावर मुद्दा बंद होतो, माझ्याकडे कायम झालाय.

वालचंदचा_विद्यार्थी

सर, मी तिसऱ्या वर्षाला आहे. एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनाच्या प्रकरणाबद्दल वाचलं होतं. ते या साखळीत नेमकं कुठे अडलं?

हरिपूरकर

चांगला प्रश्न विचारलास. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरनं ते उघड केलं. डेबियनच्या अस्थिर शाखेवर एसएसएच लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर होतोय आणि प्रोसेसर जास्त खातोय, एवढं त्याला खटकलं, आणि तो खणत गेला. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दीर्घकाळ विश्वास कमावून मेंटेनर झालेल्या माणसानं मागचं दार बसवलं होतं.

तेव्हा ते फेडोरा रॉहाइडपर्यंत, ४० च्या चाचणी-आवृत्तीपर्यंत, डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांपर्यंत आणि ओपनसुसे टंबलवीडपर्यंत पोचलं होतं. आरएचईएलच्या एकाही आवृत्तीत नव्हतं. आठवतंय ना, आरएचईएल १० चा पाया फेडोरा ४० आहे. ते बाहेर पडायला जेमतेम काही आठवडे उरले होते. पकडलं नसतं तर ते तिथून पुढे सरकण्याचा धोका खरा होता. उबुंटू २४.०४ ची बीटा याच कारणानं आठवडाभर लांबली, कारण त्यांनी पॅकेजं पुन्हा बांधली.

म्हणजे आपल्या पतसंस्थेचं यंत्र वाचलं ते वरच्या टप्प्यावर कुणीतरी रोजच्या कामात ती अस्थिर शाखा वापरत होता म्हणून. तू कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका यंत्रावर रॉहाइड ठेवलंस आणि काही विचित्र दिसलं की लिहिलंस, तर ते याच प्रकारचं काम आहे. फेडोराच्या बोधी यंत्रणेत चाचणीतल्या अपडेटला चालतंय की मोडतंय असा अभिप्राय देता येतो. पुरेसे चांगले अभिप्राय मिळाले की ते पुढे सरकतं. सुरुवात तिथून कर.

मिरजमार्ग

सुसे आणि उबुंटूचं काय? आमच्याकडे एका ठिकाणी सुसेही आहे.

अजिंक्यतारा

थोडक्यात लिहितो. सुसेकडे टंबलवीड हे रॉहाइडसारखं सतत बदलणारं, पण ओपनक्यूए नावाच्या स्वयंचलित चाचणीतून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही, त्यामुळे रोज वापरण्याइतकं टिकाऊ. सुसेचा नियम आहे की बदल आधी फॅक्टरीत, म्हणजे टंबलवीड जिथे घडतं तिथे, मग एंटरप्राइझमध्ये. लीपची दिशा उलटी. २०२१ च्या लीप १५.३ पासून ते सुसे लिनक्स एंटरप्राइझचीच तयार पॅकेजं घेऊ लागलं.

उबुंटू डेबियनच्या अस्थिर शाखेतून पॅकेजं उचलतं आणि दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एलटीएस (दीर्घ मुदतीची आवृत्ती) काढतं. डेबियनच्या मागे एकच एक कंपनी नाही, हा मोठा फरक. वखारभागसाहेबांना जी भीती वाटते तिच्यावर तो मार्ग उत्तर असू शकतो. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवाल्याला डेबियन चालत असेल तर जरूर टाका.

वखारभाग

चालत नाही, तीच तर अडचण आहे. पण आयपर्फ३ चा वाद मी काल बसून वाचला. पॅच गेला हे खरं. अल्मा १० च्या व्ही२ बांधणीवर आमचं एक जुनं यंत्र हलवून बघतो.

शाहूपुरीची_वाचक

मी साताऱ्यात मुद्रितशोधन आणि अक्षरजुळणी करते, लिनक्सवरच. या सगळ्यात मराठी कुठे येते? दऱ्या, कऱ्हाड, वाऱ्यावर हे शब्द एका यंत्रावर नीट दिसतात, दुसऱ्यावर फुटतात.

हरिपूरकर

ताई, तुम्ही हे विचारलंत याचा फार आनंद झाला, कारण आपला शब्द सगळ्यात जास्त इथेच चालतो.

रेड हॅटनं सांभाळलेला लोहित देवनागरी फाँट वर्षानुवर्षं फेडोरात मूळ होता आणि तिथूनच आरएचईएलमध्ये आला. नोटो फाँटही याच वाटेनं. अक्षरं जोडण्याचं काम हार्फबझ करतं, कीबोर्डचे आराखडे आयबस आणि एम१७एन मधून येतात. हे सगळं आधी फेडोरात बदलतं. मराठीतला अर्धा र, म्हणजे कऱ्हाडमधला, हिंदीला लागत नाही. तो मोडला तर हिंदी वापरणाऱ्याच्या लक्षातच येणार नाही. आपण सांगितलं नाही आणि आरएचईएलची शाखा निघाली, की त्या शाखेवर तो दोष वर्षानुवर्षं राहू शकतो. फाँटच्या किरकोळ दोषासाठी बॅकपोर्ट करायला कुणी सहसा बसत नाही.

कृष्णाकाठ

यात माझी भर. कऱ्हाडकर हे आडनाव दोन तऱ्हांनी टंकता येतं. एकात खालचा ठिपका असलेला ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मधे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी खूण). पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात जुळत नाहीत. युनिकोडच्या नॉर्मलायझेशननंही ते एक होत नाहीत, सॉफ्टवेअरमध्येच हाताळावं लागतं. कुठला प्रकार उमटणार हे कीबोर्ड आराखड्यावर ठरतं, म्हणून नवी फेडोरा आली की मी आधी हेच टंकून बघतो.

शाहूपुरीची_वाचक

मग मी नेमकं कुठे कळवू? फुटलेल्या शब्दांची यादी माझ्याकडे तयार आहे, पानांच्या चित्रांसकट.

हरिपूरकर

आधी ताज्या फेडोराचं लाइव्ह माध्यम पेनड्राइव्हवर घेऊन तेच शब्द तिथे तपासा. तिथे नीट दिसले तर दोष दुरुस्त झालाय, जुन्या यंत्रावर नवा फाँट टाकला की बहुधा भागेल. तिथेही फुटले तर एकच शब्द दोन वेगळ्या फाँटांत बघा. एकाच फाँटात फुटत असेल तर फेडोराच्या बगझिलात (दोष नोंदवायच्या जागी) त्या फाँटच्या पॅकेजवर नोंदवा. सगळ्याच फाँटांत फुटत असेल तर संशय हार्फबझवर किंवा त्या प्रोग्रामवर. दुसऱ्या प्रोग्राममध्येही तसंच दिसलं तर हार्फबझवर नोंदवा. नोंदीत शब्द मजकूर म्हणून द्या, नुसतं चित्र नको, म्हणजे ऱ कुठल्या तऱ्हेचा आहे ते बघणाऱ्याला कळेल. बरोबर कसं दिसायला हवं याचं एक छापील उदाहरण जोडा, कारण समोरच्याला मराठी येत असेलच असं नाही. फेडोराच्या प्रत्येक फेरीत भाषा आणि लिप्यांसाठी चाचणीचे दिवस ठेवतात, त्या आठवड्यात कळवलेल्या गोष्टींकडे लक्ष जातं.

नोंद केली की तिचा क्रमांक इथे टाका. मी रॉहाइडवर, अजिंक्यतारा अल्मा १० वर तेच शब्द तपासून त्याच नोंदीखाली लिहू.